खुर्ची-दिनासाठी मजकूर

११ जानेवारी

चि. ढब्बू,

अनेक आशीर्वाद. नको असतील तर परत पाठव, तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे.

ही हाक तुला आवडणार नाही, माहीत आहे. पण तुझं खरं नाव फक्त प्रगतिपुस्तकावर असायचं, आणि ते वाचून आनंद झाल्याचं मला आठवत नाही. शिवाय अर्धा देश तुला ढब्बू म्हणूनच ओळखतो. दर रविवारी सकाळी लोकांनी चहाबरोबर तुला वाचलं. तुझे पडलेले दुधाचे दात, सहलीच्या बसमध्ये केलेली ओकारी, समोरच्या इमारतीतल्या त्या घाऱ्या डोळ्यांच्या मुलाला लिहिलेली चिठ्ठी. 'ढब्बूची आई' हे सदर बंद झालं तेव्हा एका आजींनी मला लिहिलं की घरातलं मूल निघून गेल्यासारखं वाटतंय. माझ्या घरातलं तर खरोखरच निघून गेलं होतं. पण त्यावर लिहायला सदर उरलं नव्हतं.

तू गेलीस तीही कुठे, तर वायुदलाच्या अकादमीत. तिथे माणसाला नावाऐवजी नंबर असतो आणि दात दाखवायला परवानगी लागते. आईवर सूड घ्यायला मुली फार तर पळून जाऊन लग्न करतात. तू गणवेश घातलास.

तर बातमी अशी. तुमच्या कमांडंटसाहेबांचा मला फोन आला. अकादमीचा सुवर्णमहोत्सव आहे आणि त्यांना इतिहास लिहून हवा आहे. त्यांच्या पत्नी माझ्या जुन्या वाचक. मी विचार करून कळवते, असं म्हणाले.

हे लिहायला बरं दिसतं. प्रत्यक्षात त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं होतं.

मी तुझी आई आहे हे त्यांना सांगितलं नाही. मी टोपणनावाने लिहिते आणि तू बाबांचं आडनाव लावतेस, त्यामुळे त्यांच्या लक्षात यायचं कारण नाही. म्हटलं, तूच सांगितलं असशील.

तुझी,
आई


३ फेब्रुवारी

ढब्बू,

जाऊन आले. तू मला पाहिलंस. पाहिलं नाहीस असं दाखवलंस, तेही मी पाहिलं.

तुमच्या फाटकापासून कचेरीपर्यंत रस्त्याच्या कडेला चुना लावलेले दगड आहेत. ते दगडसुद्धा 'सावधान'मध्ये उभे आहेत. कमांडंटसाहेब माणूस गोड. मिशी अशी, की ती आधी खोलीत येते आणि मग साहेब येतात.

"बाई, इतिहास खुसखुशीत हवा," ते म्हणाले. "फक्त तो वाचून कुणी हसता कामा नये."

"आणि कुणाला रडावंसं वाटलं तर?"

"ते परिशिष्टात घ्या."

मग त्यांनी मला धावपट्टी दाखवली. तिची गोष्ट तुला शिकवली असेल, पण तुम्हाला शिकवतात ती वेगळी. अकादमी सुरू झाली तेव्हा देशाकडे झेंडा होता, बँड होता, विमान मात्र नव्हतं. पहिले कमांडंट घोडदळातून आले होते. त्यांनी आधी स्वतःचा बंगला बांधला. मग व्हरांड्यात चहा घेताना समोर छान दिसेल अशी धावपट्टी आखली. वारा इथे बारा महिने आडवा वाहतो, हे ज्या इंजिनिअरने सांगितलं, त्याची बदली झाली. वाऱ्याची काही झाली नाही. तेव्हापासून तुमची विमानं खेकड्यासारखी तिरकी उतरतात. ज्यांना ते जमलं नाही ते कुंपणापलीकडे आहेत. त्यांचे दगड मात्र एका ओळीत सरळ आहेत. धावपट्टीपेक्षा त्यांची आखणी चांगली आहे.

"म्हणूनच आडव्या वाऱ्यात आमचे वैमानिक जगात अव्वल," साहेब छाती काढून म्हणाले.

इतिहासात याला 'दूरदृष्टी' म्हणायचं ठरलं आहे. शब्द मीच सुचवला.

तेवढ्यात तुमची तुकडी समोरून गेली. साहेबांनी काठीने दाखवलं.

"ती डावीकडून तिसरी पाहा. हुशार पोर आहे. बिचारीला आई नाही."

"काय झालं आईला?"

"वारली म्हणे. ही लहान असतानाच. एक मामा आहे फक्त, आणि बाप कुठेतरी लांब असतो."

"कशाने वारली?"

"ते विचारलं नाही. का हो?"

"इतिहासासाठी," मी म्हटलं. आणि मग जनरीत म्हणून "अरेरे" म्हटलं. ढब्बू, स्वतःच्या मरणावर अरेरे म्हणायची संधी फार थोड्यांना मिळते. आवाज कुठे लावावा तेच कळत नाही.

मी त्यांना काही सांगितलं नाही. तुला खोटं पाडून मला काय मिळणार? शिवाय मेलेल्या माणसाला जिवंत व्हायला किती कागदपत्रं लागतात याचा मला अंदाज आहे. मामाला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, तिने मला गप्प बसायची शपथ घातली होती." माझा सख्खा भाऊ. माझं सुतक त्यानेही पाळलं असेल.

फक्त एवढं कळव, की मी पटकन गेले का आजाराने? तू रडलीस का? उत्सुकता म्हणून विचारते आहे.

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घालत नाही. उगाच तुमच्या टपालखोलीत घबराट नको.

तुझी,
दिवंगत आई


२१ फेब्रुवारी

ढब्बू,

उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे एकतर तू वाचतेस, नाहीतर तुमच्याकडे कडाक्याची थंडी पडते आणि शेकोटीला कागद लागतो.

या वेळी तुमच्या खुर्चीची माहिती काढत होते. वाचणारा तिऱ्हाईत आहे असं समजून लिहिते, म्हणजे प्रकरणाचा कच्चा खर्डा यातच होईल.

पहिली दोन वर्षं अकादमीत विमान नव्हतं. पण वैमानिक तर घडवायचे होते. मग मेसमधल्या जेवणाच्या खुर्च्या मैदानात आणल्या. कॅडेटने खुर्चीत बसायचं, गुडघ्यांमध्ये झाडूचा दांडा धरायचा आणि अख्खं उड्डाण मोठ्याने बोलून करायचं. इंजिन सुरू, ब्रेक मोकळे, डावं वळण, चाकं खाली. पुढे विमानं आली, तरी खुर्ची गेली नाही. एकट्याने पहिल्यांदा उडण्याआधी प्रत्येकाला तिच्यावर बसवतात आणि सिनिअर भोवती जमून वाटेल ते ओरडतात. तोंड बंद पडलं किंवा खुर्चीतून उठला, तर तो हवेतच उठला असं धरायचं. म्हणजे मेला. मेलेल्याला कुणी एकटं उडायला पाठवत नाही. त्याच संध्याकाळी ट्रंक उचलून बसने घरी.

सध्या तुमच्या अतिथीगृहात पहिल्या तुकडीतले एकमेव जिवंत गृहस्थ उतरले आहेत. सगळे त्यांना 'पहिला नंबर' म्हणतात. दात नाहीत, पण चहात बिस्किट बुडवतानासुद्धा पाठ ताठ. त्यांनीच मला सांगितलं की ओरडायची प्रथा कशी पडली.

एक कॅडेट खुर्चीत होता. हवेत होता म्हणायचं. तेवढ्यात त्याच्या नावाची तार आली. आई गेली. घोडदळवाले कमांडंट म्हणाले, थांबायचं कशाला? मोठ्याने वाचा. तार वाचली गेली. पोरगा म्हणाला, "उंची सोडतोय," आणि व्यवस्थित खाली उतरला. कमांडंटना इतका अभिमान वाटला, की त्यांनी दरवर्षी सगळ्यांना असं काहीतरी ऐकवायचं ठरवलं. खऱ्या तारा वेळेवर येत नाहीत, म्हणून मग खोट्या.

"कोण होता तो?" मी विचारलं.

"मीच की."

"मग नंतर रडलात का?"

त्यांनी बिस्किट वर काढलं. ते अर्धं कपातच राहिलं होतं.

"रडायचा हुकूम आलाच नाही," ते म्हणाले.

हे प्रकरण मला साहेबांनी 'मनोधैर्य' या मथळ्याखाली घालायला सांगितलं आहे.

तुमच्या तुकडीचा खुर्ची-दिन मार्चमध्ये आहे असं कळलं. तू तिथून उठलीस तर घरी येशील. तुझी खोली आहे तशीच आहे. म्हणजे तिथे इस्त्रीचे कपडे ठेवते, पण ते उचलता येतात.

हे सहज लिहिलं.

आई


८ मार्च

ढब्बू,

तुमचा तो मुख्य सिनिअर मला भेटायला आला होता. उंच, काटकुळा, कान दोन्ही बाजूंना असे, की त्याला धरून उचलावं आणि प्यावं. मी मनातल्या मनात त्याचं नाव कपबशी ठेवलं आहे. तूही बघ, एकदा डोक्यात बसलं की त्याला सॅल्यूट करणं जड जाईल.

"बाई, एक खासगी काम होतं."

"मी लग्नं जमवत नाही."

"तसं नाही हो! खुर्ची-दिनासाठी मजकूर हवा होता."

"कसला?"

"ओरडायचा. आम्ही दरवर्षी तेच ओरडतो. तुझी मैत्रीण पळाली, तुझं घर जळलं. कुणी ढिम्म हलत नाही. आमच्या वेळी तर एक जण जांभई देत उतरला. तुम्ही व्यावसायिक. तुम्ही लिहिलंत तर जरा मजा येईल."

मी नाही म्हटलं का? नाही. ढब्बू, इतके दिवस मला कुणी विनोद मागितला नव्हता. इतिहासात दूरदृष्टी आणि मनोधैर्य लिहून लिहून हात आखडला होता. तो एकेका कॅडेटची माहिती सांगत गेला आणि मी लिहीत गेले. एक जण अडखळत बोलतो. त्याच्यासाठी त्याच्याच चालीवर एक वाक्य केलं. त्याचा 'वळण' शब्द बोलून पुरा व्हायच्या आत विमान दुसऱ्या देशात जाईल. एकाचे वडील गल्लीत केस कापतात आणि तो त्यांना 'उद्योजक' म्हणतो. त्याला तर मी तीन ओळी दिल्या. कपबशीचे कान हसून हसून लाल झाले.

"आणि एक मुलगी आहे," शेवटी तो म्हणाला. "तिच्यावर काहीच नाही. कुणाशी बोलत नाही, झोपेतसुद्धा बडबडत नाही. तिच्या खोलीतल्या मुलींना लक्ष ठेवायला सांगितलं होतं."

"घरचं काही?"

"आई वारलेली आहे. पण त्यावर नको. आम्ही मेलेल्यांवर ओरडत नाही, आमच्यात तेवढी रीत आहे. जिवंत बापावर चालतं."

मी त्याला म्हटलं, अरे बाबा, त्या मुलीबद्दल मला कसं माहीत असणार? अगदी याच शब्दांत सांगितलं. तेव्हा तू निर्धास्त बस. तुझ्यासाठी काही लिहिलेलं नाही.

बाकी सगळ्यांचा मजकूर एका बैठकीत झाला. एक वाक्य मात्र रेंगाळलं. चार-पाच शब्दांचं होतं, पण थांबायचं कुठे ते सापडत नव्हतं. विनोदात शब्द कुणालाही सुचतात, थांबणं सुचावं लागतं.

आई


१७ मार्च

ढब्बू,

मी पहिल्या रांगेत होते, कमांडंटच्या पत्नीशेजारी. तिला माझं सदर पाठ आहे. "तुमची ढब्बू आता केवढी झाली हो?" तिने विचारलं. मी म्हटलं, "वाढते आहे." तेव्हा तू खुर्चीत बसत होतीस.

अडखळणाऱ्या मुलाचं झालं होतं. तो उठलाच. केस कापणाऱ्याचा मुलगा कसाबसा उतरला; उतरताना रडत होता, पण रडू नये असा नियम नाही. मग तू. झाडूचा दांडा गुडघ्यांत धरलास, पाठ ताठ, हनुवटी वर. तुझा आवाज मी किती काळाने ऐकला, आणि तो म्हणाला, "इंधन पुरेसं. ब्रेक मोकळे."

तू छान उडालीस. मला त्यातलं काही कळत नाही, पण शेजारचे शिक्षक मान डोलावत होते. भोवती नेहमीचं ओरडणं चाललं होतं. तुझी पापणी हलली नाही. शेवटचं वळण आलं, तसा कपबशीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तो तुझ्या कानाशी वाकला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी प्रेमाने म्हणाला,

"काय गं... बाबा बसले का गाडीत?"

सगळे हसले. ज्याला काही माहीत नाही त्याला ते वाक्य गमतीचंच वाटणार. तो बरोबर 'काय गं'नंतर थांबला. मी खूण करून दिली होती.

तुला वाटत असेल, आईने पाहिलं नव्हतं. तुझे बाबा दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे दात दाखवायला गेले आणि तिथेच राहिले, त्या वर्षाची गोष्ट. तू रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची ठेवायचीस. दोन्ही हातांत जेवणाचं ताट धरायचीस, ते तुझं स्टिअरिंग. मग तोंडाने गाडी चालवत निघायचीस. डावीकडे दवाखाना, उजवीकडे पूल, इथे सिग्नल. सिग्नलला खरोखर थांबायचीस. त्या बाईंच्या घराशी पोचलीस की मागे वळून म्हणायचीस, "बाबा, बसा." मग जरा वेळ जाऊ द्यायचीस. "बसलात का?" आणि तोच सगळा रस्ता परत. घर आलं की उतरून मागचं दार उघडायचीस, आणि ते लावायला तुला फार वेळ लागायचा.

मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असायचे. हातात पेन असायचं. इतक्या रविवारांत ते एवढं एक मी कधी छापलं नाही. त्याचं श्रेय आजवर मला कुणी दिलेलं नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

तर कपबशी बोलला आणि तुझं बोलणं थांबलं. दांडा एका बाजूला कलला. शिक्षक पुढे सरकले. तू मान वळवलीस. कपबशीकडे पाहिलं नाहीस. पहिल्या रांगेकडे पाहिलंस. हे वाक्य कुणाच्या हातचं आहे हे तुला कळलं, आणि तुला कळलं हे मला कळलं. या जगात ते माहीत असलेली दोनच माणसं, आणि त्यातलं एक तू मारून टाकलेलं. मी हात हलवला नाही. हसलेही नाही. ओठ हलले असतील.

मग तू समोर पाहिलंस.

"वेग कमी झालाय," तू म्हणालीस. "वाढवते."

आणि उतरलीस. चाकं टेकली. इंजिन बंद. उठून सॅल्यूट केलास. कमांडंटसाहेब खुर्चीपाशी गेले.

"काय ऐकू आलं, कॅडेट?"

"इंजिन, सर."

"आणखी?"

"ओळखीचं काही नाही, सर."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, जरा उशिरा.

आता तू म्हणशील, का? ढब्बू, तू मला परस्पर मारलंस. मी फक्त हाक मारली. जिवंत आहे हे कळवायचा दुसरा कोणता मार्ग ठेवला होतास? पत्रांना उत्तर नाही, समोरून जाताना ओळख नाही. आणि तू हललीस, हे विसरू नकोस. दुसऱ्या कुणाचं वाक्य असतं तर हलली नसतीस.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मीच दोन जागांचं आरक्षण केलं होतं. पाय पसरायला बरं पडतं.

आई


२९ मार्च

मामा सांगत होता, तू एकटीने उडालीस. आडव्या वाऱ्यात पहिल्याच खेपेला सरळ उतरवलंस म्हणे.

अभिनंदन. अकादमीच्या वतीने, इतिहासकार या नात्याने.


२० मार्च, पुढचं वर्ष

ढब्बू,

वर्षभर तुला लिहिलं नाही. लिहिलं, पण पाठवलं नाही. फरक तुझ्या बाजूने शून्य आहे.

पुस्तक छापून झालं, ते तू पाहिलं असशील; तुम्हाला प्रत्येकी एक सक्तीने दिलं आहे. यंदा खुर्ची-दिनाला प्रकाशन, म्हणून मला पुन्हा पहिली रांग. पण मुद्दा तो नाही.

पुस्तक छापायला जाण्याआधी साहेबांनी मला बोलावून घेतलं होतं.

"बाई, खुर्चीच्या प्रकरणात ती हाक राहिली."

"कुठली?"

"'बाबा बसले का गाडीत.' आपली परंपरा आहे ती! पोरं आता जिन्यात, न्हाणीघरात, सगळीकडे ओरडतात."

"साहेब, ती गेल्याच वर्षीची आहे."

"छे, छे. फार जुनी आहे. पहिल्या नंबरांनाच विचारा."

पहिला नंबर तिथेच चहा पीत होते. त्यांनी पाठ आणखी ताठ केली आणि सांगितलं, हो, आमच्या वेळीही हेच ओरडायचे. घोडदळवाल्या कमांडंटना सगळे 'बाबा' म्हणायचे आणि ते गाडीत बसले की मगच कवायत सुटायची. इतक्या तपशिलाने सांगितलं, की मलाच शंका आली, मी ते कुठून तरी चोरलं तर नाही ना.

मी लिहिलं. माझ्या हाताने. 'स्थापनेपासून चालत आलेली ही हाक...' पान तुझं तू बघ.

तर आजचा दिवस. आज ओरडणाऱ्यांत तू पुढे होतीस. खुर्चीत एक मुलगा होता, अजून मिसरूड न फुटलेला. त्याचं चांगलं चाललं होतं. शेवटच्या वळणावर तू हात वर केलास. सगळे गप्प झाले. तू त्याच्या कानाशी वाकलीस.

"काय रे..."

आणि थांबलीस. ढब्बू, कपबशी थांबला होता तो मी लिहून दिलं म्हणून. तू थांबलीस ते तुझं होतं. त्याच्यापेक्षा जास्त थांबलीस. मैदानावर कुणाचा श्वास ऐकू येईना, आणि मग तू ते उरलेले शब्द असे सोडलेस, की लोक हसण्याआधी क्षणभर घाबरले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. गरजच नव्हती.

मुलगा उठला.

संध्याकाळी मी बसमध्ये बसले, तर तो ट्रंक घेऊन माझ्याच शेजारी. ट्रंक पायांखाली सरकवली. मग म्हणाला, "तुम्ही ते पुस्तक लिहिलंत ना?"

"हो."

"बाबा बसले का म्हणजे नक्की काय हो? माझे वडील दिवाळखोरीत गेले तेव्हा गाडीत बसूनच... गाडीतच सापडले होते. हे त्या ताईंना कुणी सांगितलं?"

"कुणी नाही सांगितलं. ती जुनी परंपरा आहे," मी म्हटलं. "पान काढून देऊ का?"

मी काढून दिलेलं पान त्याने वाचलं. त्याला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. परंपरा म्हटली की माणसाला वाटतं, हे आपल्या एकट्यासाठी नव्हतं.

आई


६ फेब्रुवारी, त्याच्या पुढचं वर्ष

ढब्बू,

तुझं पत्र आलं.

अकादमीचा शिक्का, वर जावक क्रमांक, खाली तुझा नंबर आणि 'मुख्य सिनिअर'. म्हणजे कपबशीच्या जागेवर आता तू. मी ते दारातच उभी राहून वाचलं, मग बसून वाचलं, मग मामाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, यात आनंद होण्यासारखं काय आहे?" त्याला काय कळतंय.

तुझीच वाक्यं पुन्हा लिहिते, म्हणजे उत्तराला सोपं जाईल.

'माननीय बाई, आगामी खुर्ची-दिनासाठी नवीन मजकूर हवा आहे. जुनी हाक वापरून गुळगुळीत झाली, आता कुणी हलत नाही. विशेषतः एका मुलीबद्दल काहीच हाती लागत नाही. ती बोलत नाही. अशा प्रकरणात आपण पूर्वी मदत केली होती, असं ऐकते. कळावे.'

'असं ऐकते.' वा. ते मी लिहिलं असतं तरी याहून वेगळं लिहिलं नसतं.

मी तुला खूप काही लिहिणार होते. तीन वेळा कागद घेतला. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं, की मी आता रविवारी उशिरा उठते. खोलीतले इस्त्रीचे कपडे दुसरीकडे ठेवले आहेत. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्या बाबांना परत पाठवलं होतं. ते इथे दारापर्यंत आले होते, आणि मी त्यांना आत घेतलं नाही; घेतलं असतं तर तुला कळवता आलं असतं की गाडी शेवटी भरली. पण तू हे विचारलेलं नाहीस. तू मजकूर मागितला आहेस. मागितलंस हे महत्त्वाचं.

इतर कॅडेटांचा मजकूर सोबतच्या कागदांवर आहे. तू पाठवलेली माहिती चांगली होती, नेमकी होती. नेमकं कुठे दाबायचं ते तुला कळतं. लाल शाईच्या रेघा म्हणजे थांबायच्या जागा. त्या तुला लागणार नाहीत, तरी दिल्या आहेत.

राहिली ती गप्प मुलगी. तिच्याबद्दल तिच्या खोलीतल्यांना विचारू नकोस, वेळ जाईल. गप्प मुलींचं सगळं घरी ठेवलेलं असतं. तिला आई आहे का, तेवढं बघ. तिने नाही म्हणून सांगितलं असेल तरी विश्वास ठेवू नकोस, मामाबिमाकडून खात्री करून घे. असली तर मला तिचा पत्ता पाठव. मी जाऊन भेटते. बाई एकटी असेल, कुणीतरी मुलीचं विचारायला आलं म्हणून तिला बरंच वाटेल. चहा करेल आणि सगळं सांगेल.

आपली,
बाई